बब्रुवान डॉक्टरचं कॅलेंडर

"आपल्या हाताला गुण हाय, गुण! साडेतीनशे गायी गाभण ऱ्हायल्यात. कुणालाबी इचारा!"

बब्रुवान हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलायचाच, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नळदुर्गजवळच्या धानुरवाडीत जी दूध सोसायटी निघाली, तिथं तो गायींना कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन द्यायचा. उस्मानाबादला दीड महिन्याचं ट्रेनिंग घेऊन आलेला गडी! दर मंगळवारी एस्टीनं बर्फाच्या थर्मासातून जर्सी वळूचं बीज यायचं. बब्रुवान खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा, आणि नऊ महिन्यांनी कुणाच्या तरी गोठ्यात तांबूस वासरू उड्या मारायचं. बहात्तर साली ज्या गावानं छावणीत जनावरं मरताना पाहिली, त्या गावाला असा माणूस म्हणजे देवच वाटणार की! गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. बब्रुवानसुद्धा स्वतःला डॉक्टरच म्हणायचा.

पंचाईत एकच होती. साडेतीनशे गोठे भरवणाऱ्या या डॉक्टरच्या घरात लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता!

आई विठाबाई आता हट्टाला पेटली होती. "बब्र्या, लई वाट बघितली. तुळशीचं लगीन लागलं की तुझं दुसरं लावणार! कळंबकडली पोरगी हाय. बाप दसरा झाल्यावर घर बघाय येणाराय."

हे ती सुमनच्या, म्हणजे बब्रुवानच्या बायकोच्या देखत बोलायची. सुमन भाकरी थापत राहायची. फक्त थापण्याचा आवाज वाढायचा. बब्रुवानचा सुमनवर जीव होता, लई जीव होता. दुसरी बायको त्याला नकोच होती. पण आईपुढं तोंड उघडायचं म्हटलं की साडेतीनशे गायींचा डॉक्टर मुका व्हायचा. रात्री सुमन भिंतीकडं तोंड करून निजायची. दोष तिचाच, असं सगळ्या गावानं ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरमध्ये दोष असेलच कसा?

आता डॉक्टर म्हटलं की लोक विचारायला येणारच. दुपारी डेअरीवर सामसूम झाली की एकेक गडी टोपी चाचपत यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, एका दोस्ताचं इचारायचं हुतं."

सगळ्यांना दोस्तच! कुणाच्या दोस्ताचं झोपेत धोतर खराब व्हायचं आणि अंगातली ताकद चालली म्हणून तो घाबरायचा. बब्रुवान त्याला सांगायचा, "अरं, सरकारी वळूचं आठवड्यातनं दोनदा काढत्यात. तो वाळलाय का? हत्तीएवढा हाय! दोस्ताला म्हणावं, बिनघोर झोप!" दोस्त खरंच बिनघोर झोपायचा.

सोसायटीचे चेअरमन हणमंतप्पा. त्यांना चार मुली. तेही एकदा दोस्ताचं विचारायला आले. "बाईला सारख्या पोरीच व्हत असल्या तर काय औशिद हाय का?"

"चेअरमन, नर का मादी ते गायीच्या हातात नसतंय. ते वळूवर असतंय!"

चेअरमनांचा चेहरा उतरला. पण ही गोष्ट त्यांच्या बायकोच्या, इरम्माच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी बब्रुवानच्या घरी वाटीभर तूप आलं. एवढं तूप इरम्मानं आजवर देवालाही घातलं नव्हतं.

तर असं सगळं बरं चाललं होतं. गायीचं ज्ञान माणसाला लागू पडतंय, अशी बब्रुवानची खात्रीच झाली. आणि इथंच घोटाळा झाला!

त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. विहिरी तळाला लागल्या, अर्धं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला. अशात घरात आणखी एक तोंड कुणाला हवं? पण आणीबाणी उलटून सात-आठ वर्षं झाली तरी सरकारी जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये नसबंदीच्या धाकानं अजून ज्वारीत शिरत होते. नर्सबाईंकडं जायचं म्हटलं तर बोलायलाच नको. तिथं गड्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

सोसायटीचे कॅन टेम्पोतून नळदुर्गला नेणारा आयुब एक दिवस म्हणाला, "डॉक्टर, तीन लेकरं हायत. आता बास. ऑप्रेशन न्हाई, गोळ्या न्हाई, असा काय उपाय हाय का? आन हे माझंच हाय, दोस्ताचं न्हाई!"

एवढा खरा माणूस बघून बब्रुवानला भरून आलं. त्यानं ट्रेनिंगची वही काढली आणि आपला जुनाच हिशोब पुन्हा जुळवला. गाय माजावर आली की गाभण राहते. माज उतरला की एक-दोन दिवसांत शेपटीला जरा रक्त दिसतं. रक्त दिसलं की समजायचं, वेळ नुकतीच हुकली. मग बाईचं काय वेगळं असणार? तिला महिन्याला रक्त दिसतं, म्हणजे तिची वेळ त्याच्या आदल्या चार दिवसांत! महिन्याचा बाकीचा काळ मोकळा.

किती साधं! सरकारला उगाच एवढे खर्च!

त्यानं भिंतीवरचं सोसायटीचं कॅलेंडर काढलं आणि लाल पेन्सिलीनं चार तारखांना गोल केले. "ह्या चार दिवसांत बायकोपासनं लांब ऱ्हायचं. बाकी महिना बिनधास्त!"

आता तारखा कशा कळणार, असं तुम्हाला वाटेल. अहो, त्या गावात गड्यांना त्या तारखा तोंडपाठ! बायको बाहेर बसली की चार दिवस पाणी आणायचं, चूल फुंकायची, सगळं गड्याच्या गळ्यात. हात भाजलेला माणूस तारीख विसरतो का? आयुबच्या घरी चूल बंद नसायची, पण त्याच्या बायकोची, सरदारबीची नमाज त्या दिवसांत बंद असायची, त्यामुळं त्यालाही पक्कं ठाऊक. महिन्याभरात अकरा घरांत लाल गोलांची कॅलेंडरं लागली. चेअरमनांच्या घरातसुद्धा.

आणि बब्रुवानच्या घरात? तिथं उलटं. ज्या चार दिवसांत बाकीच्यांनी लांब राहायचं, त्या चार दिवसांत हा जवळ. तेही आजचं नाही, नोकरी लागल्यापासून पाच वर्षं! बाकी महिना वळूला विश्रांती पाहिजे असं वहीत लिहिलेलं. म्हणून हा बहाद्दर बाकीच्या रात्री डेअरीच्या बाकड्यावर झोपायला जायचा. सुमननं कारण विचारलं की म्हणायचा, "तुला न्हाई कळायचं. शास्त्र हाय!"

दसरा झाला. सकाळी डेअरीवर दुधाला रांग लागली होती. इरम्मानं किटली पुढं केली, कॅनचं झाकण उघडलं, दुधाचा वास आला, आणि इरम्मा तोंड दाबून भिंतीमागं पळाली.

"पित्त झालं आसंल," बब्रुवान म्हणाला.

तिच्या मागच्या बाईला पण पित्त झालं. दुपारी आयुब टेम्पो घेऊन आला तो हॉर्न वाजवतच. "डॉक्टर! सरदारबीला दिवस गेले!"

"आसं कसं? तू गोल चुकवला आसशील!"

"एक बी गोल चुकवला न्हाई! तुमची कसम!"

आठवडा संपेपर्यंत आकडा सातवर गेला. अकरा घरांत सात! एवढा तर जर्सीचाही निकाल लागत नव्हता. बब्रुवाननं वही उलटीसुलटी वाचली. वही बरोबर होती. मग चुकतंय कुठं? त्याला जेवण जाईना.

गावात बातमी फिरली, पण बातमीला जशी फिरायची सवय असते तशी. खालच्या आळीला पोचेपर्यंत ती अशी झाली, की बब्रुवान डॉक्टरनं कॅलेंडरावर काहीतरी मंत्रून दिलं आणि सात जणींची कूस भरली! शेजारच्या वाडीतल्या बायका नारळ घेऊन दारात. विठाबाई फुगून बसलेली. "माझ्या लेकाच्या हाताला गुणच हाय! बसा, येईलच आता."

"मावशी, मग घरात का वो न्हाई?" एकीनं विचारलं.

विठाबाईनं सुमनकडं बोट केलं. "जमीन नापीक आसल्यावर पेरणारा काय करंल?"

सुमन घागर घेऊन उठली आणि पाण्याला गेली. त्या दिवशी तिनं घागर भरायला दोन तास लावले. विहिरीच्या काठावर बसून ती रडली, हे बब्रुवानला दुसऱ्याच बाईकडून कळलं, आणि त्याला स्वतःच्या हाताची लाज वाटली.

पुढचा दिवस गुरुवार. कळंबचे ज्ञानोबा, म्हणजे मुलीचे वडील, त्याच दिवशी घर बघायला येणार होते. विठाबाईनं पुरण घातलं. सुमनलाच वाटायला बसवलं! नवऱ्याच्या दुसऱ्या सासऱ्यासाठी पुरण वाटायचं म्हणजे काय, ते तिचं तिलाच माहीत. बब्रुवान उंबऱ्यात उभा राहून तीनदा म्हणाला, "आये, मला बोलायचं हाय." तिन्ही वेळा आई म्हणाली, "आदी ओसरीत सतरंजी टाक." त्यानं सतरंजी टाकली.

दहाच्या एस्टीनं ज्ञानोबा उतरले. पांढरा फेटा, हातात छत्री, माणूस भारी सभ्य. सतरंजीवर बसले, पाणी प्याले, आणि "मुलगा काय करतो म्हणालात?" एवढं विचारलं न विचारलं तोच दारात गलका झाला.

सात नवरे! पुढं चेअरमन हणमंतप्पा, मागं आयुब.

"कुठं हाय तो डॉक्टर? भाईर ये!"

"काय झालं वो?" ज्ञानोबांनी घाबरून विचारलं.

चेअरमन आधीच तापलेले. "काय झालं? ह्या तुमच्या बब्रुवानामुळं आमच्या सात जणांच्या बायका गरवार ऱ्हायल्या!"

ज्ञानोबांच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. "सात?"

"सात!" आयुब म्हणाला. "आन ह्यो म्हणाला हुता, काय सुदीक व्हणार न्हाई, बिनधास्त ऱ्हावा!"

"आन तुम्ही... तुम्ही ऐकून घेतलंत?"

"इश्वास ठेवला वो! डॉक्टर म्हणून घरात घेतलं!"

ज्ञानोबा उठले. छत्री उचलली. एकवार बब्रुवानकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पायताणं हातात घेऊनच रस्त्याला लागले. "अवो पाव्हणं! अवो पुरणपोळी!" करत विठाबाई वेशीपर्यंत पळाली. पण पाव्हण्यांनी मागं वळून बघितलं नाही. परतीची एस्टी दीडला होती, तिची वाटही न बघता त्यांनी हायवेवर ट्रकला हात केला.

बब्रुवान खांबाला टेकून उभा. समोर सात नवरे खवळलेले, अब्रूचं खोबरं झालेलं, आणि आत कुठंतरी इतका आनंद की त्याला हसू आवरेना! पाव्हणा गेला! दुसरं लग्न गेलं!

"हसतोय बघा!" चेअरमन ओरडले.

तेवढ्यात नर्सबाई, म्हणजे नसीमबी सिस्टर आल्या. दर गुरुवारी त्या नळदुर्गहून सायकलवर धानुरवाडीला यायच्या. एका आठवड्यात एका गावातून सात नावं नोंदवायची, तीही सगळी "आता नको" म्हणणाऱ्या घरांतली, म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारला होता. सातही जणींनी एकच उत्तर दिलं होतं. आता त्यांच्या हातात चेअरमनांच्या भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

"बब्रुवानभाऊ, हे गोल कुणी काढले?"

"म्या."

"कशावरनं?"

बब्रुवाननं माज, रक्त आणि वही असं सगळं सांगितलं. नसीमबी ऐकत राहिल्या. मग त्या ओट्यावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की सात नवरे रागवायचं विसरले.

"या अल्ला! भाऊ, अवो गाय ती गाय आन बाई ती बाई! गायीचं रक्त माजाच्या लगेच मागनं दिसतंय. बाईचं तसं नसतंय. बाईचं अंडं सुटतं ते पाळी यायच्या सुमारे चौदा दिवस आधी. जिला महिन्याच्या महिन्याला येती, तिचं महिन्याच्या मध्यावर. ते जुळलं न्हाई तर पिशवीचं अस्तर गळून जातं, ते हे रक्त. तुम्ही ज्या दिवसांत लांब ऱ्हा म्हणालात तेव्हा काही होत नव्हतं, आन बिनधास्त म्हणालात ते नेमके पेरणीचे दिवस!"

"म्हंजी मी गोल बदलले की झालं?" बब्रुवाननं लगेच पेन्सिल काढली.

"ठेवा ती पेन्सिल! तारखा कुणाच्या चार दिवस पुढं सरकतात, कुणाच्या मागं. नुसत्या गोलांवर भरवसा ठेवाल तर पुढच्या साली आणखी सात! थांबायचं आसंल तर निरोध हाय, गोळ्या हायत, तांबी हाय. पोरं पुरी झाली आसतील तर ऑप्रेशन हाय, आन ते गड्याचं बाईपेक्षा सोपं. जबरदस्ती कुणावर न्हाई. पण इचारायचं मला! लाज कसली? मी काय पहिल्यांदा ऐकतीय?"

सात जण खाली मान घालून उभे. पहिला आयुब पुढं झाला. "सिस्टर, सरदारबीची तब्येत..." म्हणून त्यानं सुरुवात केली, आणि मग सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. अर्धा तास त्या ओट्यावर जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे डेअरीवर पाच वर्षांत आले नव्हते. एकाही प्रश्नात दोस्त नव्हता.

बब्रुवान मात्र जागचा हलला नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरंच गणित चाललं होतं. महिन्याचा मध्य. पाच वर्षांतले सगळे मध्य. प्रत्येक मध्याला तो कुठं होता? डेअरीच्या बाकड्यावर! घोरत!

विठाबाई वेशीवरून धापा टाकत परत आली आणि आल्या आल्या सुमनवर घसरली. "हिच्या पांढऱ्या पायामुळंच..."

"आये!" बब्रुवान ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा! ओट्यावरचे सगळे वळून बघायला लागले. "तिला एक शबुद बोलायचा न्हाई. तिचा काय दोष न्हाई. पाच वर्सं म्याच बाकड्यावर निजलो. सगळी चूक माझी. आन दुसरं लगीन म्या करणार न्हाई, मूल व्हवू नायतर न व्हवू!"

विठाबाईला बाकड्याचं काही कळलं नाही. पण लेकाच्या डोळ्यात पाणी बघून ती खाली बसली.

"तरी दोघांनी एकदा तपासून घ्या," नसीमबी हळूच म्हणाल्या. "आधी गड्याची तपासणी. ती सोपी आसती."

"करू," बब्रुवान म्हणाला. सात जणांपुढं म्हणाला.

सगळे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. सुमन एकटी बसून पुरणपोळी खात होती. पाव्हण्यांसाठी केलेली! आणि चांगली तुपात बुडवून. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगू लागला. चौदा दिवस, अंडं, मधला आठवडा.

"ठाव हाय," सुमन म्हणाली.

"ठाव हाय? कुणी सांगितलं?"

"सिस्टरनी. दोन सालामागं."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"बोलले की! तीनदा बोलले. तुमी तिन्ही येळंला म्हणालात, 'तू काय ट्रेनिंग घेतलंय का?'"

सुमननं अर्धी पोळी त्याच्यापुढं सारली. ती त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

सोलापूरला तपासणी झाली. साडेतीनशे गायींच्या डॉक्टरला हातात छोटी बाटली दिल्यावर दरदरून घाम फुटला, पण निकाल चांगला आला. आणि संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले असतील, एका सकाळी सुमन दुधाच्या कॅनपासून तोंड दाबून भिंतीमागं पळाली.

बब्रुवान तिच्यामागं धावला. "सुमे! दिवस गेले का गं?"

"गेल्यात वाटतं."

त्याला रडू यायला लागलं होतं, पण जित्याची सवय! डोळे पुसत म्हणाला, "तसं तीन म्हैने झाल्यावर हातानं तपासल्याशिवाय पक्कं म्हणायचं नसतंय, वहीत..."

"हात लावून तर बघा!" सुमन म्हणाली. "मी सिस्टरकडं चालले."

ती पुढं आणि तो दहा पावलं मागं, तिची पिशवी घेऊन. नळदुर्गच्या दवाखान्यात नसीमबींनी तपासलं, तारखा मोजल्या आणि "मुबारक हो" म्हणाल्या. मग मात्र बब्रुवान बाहेरच्या लिंबाखाली बसून सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडला. त्याला कुणी हसलं नाही. आयुबनं तर त्याला टेम्पोतून फुकट घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेअरीवर सामसूम होती. एक नवा गडी टोपी चाचपत आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, एका दोस्ताचं इचारायचं हुतं."

बब्रुवान खुर्चीतून ताडकन उठला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, गायीचं काय आसंल तर बोल. माणसांतलं मला काय बी कळत न्हाई!"